अंगावर सारखं पित्त उठतं? आयुर्वेदिक उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. सव्वातीन वर्षं माझ्या अंगावर पित्त उठत होतं आणि त्या काळात त्वचारोगतज्ज्ञ आणि वैद्य, दोघांच्याही दाराबाहेर नंबर लावून बसले. आता ओळखीत कुणाला हा त्रास सुरू झाला की फोन मला येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून काढलं.

'जुनं' पित्त नेमकं कशाला म्हणायचं?

सहा आठवड्यांहून जास्त काळ, रोज किंवा आठवड्यातले बरेच दिवस गांधी उठत असतील तर तो जुनाट प्रकार. सर्दी-तापानंतर किंवा एखादं औषध न सोसल्यामुळे उठलेलं पित्त बहुतेकदा त्याआधीच निवळतं.

यातली गंमत अशी, की आजार महिनोन्महिने टिकतो, पण एकेक गांध 24 तासांच्या आत विरते. सकाळी मांडीवर, दुपारी पाठीवर, रात्री तळहातावर. एक सोपी गोष्ट करून बघा. उठलेल्या गांधीभोवती पेनाने गोल काढा आणि शेजारी वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गोलातली त्वचा सपाट झालेली असेल तर हे नेहमीचंच पित्त. गांध तशीच असेल, खाजेपेक्षा दुखत जास्त असेल, जाताना निळसर-तपकिरी डाग सोडत असेल, तर त्वचेतल्या रक्तवाहिन्यांना सूज आलेली असू शकते. तिथे कुठलाही काढा सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ते त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासायला सांगतील.

पित्त उठतं म्हणजे पोटातलं पित्त वाढलंय का?

नाही. हा सगळा घोळ शब्दाचा आहे. छातीत जळजळलं तरी आपण 'पित्त झालं' म्हणतो आणि अंगावर गांधी आल्या तरी 'पित्त उठलं' म्हणतो. मीसुद्धा पहिले दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या.

त्वचेत मास्ट पेशी असतात आणि त्यांच्यात हिस्टामिन साठवलेलं असतं. त्या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडलं की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतलं पाणी झिरपतं, तेवढी जागा फुगते आणि खाज सुटते. जुनाट पित्ताच्या बऱ्याच रुग्णांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींना चिथावत असते. म्हणूनच डॉक्टर थायरॉइडची तपासणी सांगतात, कारण थायरॉइडवर उलटलेली प्रतिकारशक्ती आणि हा आजार पुष्कळदा जोडीने दिसतात. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या साधारण दुप्पट आहे.

आयुर्वेदात या आजाराचं वर्णन आहे का?

आहे, आणि इतकं नेमकं आहे की वाचताना मला माझीच पाठ दिसली. माधवनिदानात, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकातल्या ग्रंथात, शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचं स्वतंत्र प्रकरण आहे. गांधीमाशी चावल्यावर उठते तशी सूज, खाज, टोचल्यासारखं दुखणं, कधी उलटी, ताप आणि दाह, असं ते वर्णन आहे. वाताचा जोर असेल तर शीतपित्त, कफाचा असेल तर उदर्द. उदर्दाचे चट्टे कडेने उंच, मधे खोलगट, लाल आणि खाजणारे असतात आणि ते शिशिरात जास्त होतात, असंही सांगितलंय. कोठ तर क्षणात उठतो आणि क्षणात जातो. तो वारंवार होत राहिला तर उत्कोठ.

कारण काय दिलंय? थंड वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वात बिघडतात, पित्ताला सोबत घेतात आणि शरीरात आत-बाहेर पसरतात. म्हणजे नावात 'पित्त' असलं तरी सुरुवात कफ-वातापासून आहे. ही एक ओळ लक्षात ठेवा, पुढच्या प्रश्नात लागेल.

मग शरीराला थंड करणारी औषधं घ्यायची का?

सरसकट नाही. 'पित्त उठलंय ना, मग थंड काहीतरी घे' हा सल्ला मला निदान पंधरा जणांनी दिला असेल. ग्रंथातला उपचार मात्र जवळजवळ उलटा आहे: मोहरीच्या तेलाने अभ्यंग, गरम पाण्याने शेक आणि पडवळ, कडुनिंब, अडुळसा यांच्या काढ्याने वमन, म्हणजे उलटी करवणं. चांगला वैद्य आधी विचारतो, की गांधी कधी उठतात. गार वाऱ्याने? घाम आला की? जेवणानंतर? रात्री? त्यावरून औषधाची दिशा ठरते.

पण इथे माझा एक सावधगिरीचा सूर लावते. काहींना त्वचा घासली की पित्त उठतं. पाठीवर नखाने रेघ ओढली की पाच मिनिटांत दोरीसारखी गांध वर येते. पिशवीचा बंद, कपड्याची नाडी, मोज्यांचं इलॅस्टिक, सगळ्यांचे ठसे अंगावर. अशा माणसाने तेल लावून चोळून घेतलं तर काय होणार? मी घेतलं होतं. ज्यांना अंग तापलं, घाम आला की टाचणीच्या डोक्याएवढे बारीक पुरळ येतात, त्यांना गरम शेकही सोसत नाही. आणि ज्यांना गारव्याने उठतं त्यांनी थंड पाण्यात एकदम उडी मारायची नाही. अंगभर हिस्टामिन सुटून रक्तदाब कोसळू शकतो. तेव्हा आपला प्रकार कोणता हे आधी ओळखा आणि वैद्यांना सांगा. हे प्रकार ग्रंथांत आजच्यासारखे वेगळे काढलेले नाहीत.

आमसुलाचं पाणी, ओवा-गूळ, मिरपूड-तूप: यातलं काही लागू पडतं का?

आमसूल भिजवून ते पाणी गांधींवर लावलं की ओलं असेपर्यंत बरं वाटतं. खाजऱ्या त्वचेला गारवा मिळतो, एवढं खरं. आजार त्याने हटत नाही. साध्या गार पाण्याच्या घडीनेही मला तितकाच आराम पडायचा. गारव्यानेच पित्त उठणाऱ्यांनी दोन्हीच्या वाटेला जाऊ नये.

ओवा आणि गूळ हा ग्रंथातलाच प्रयोग आहे. पथ्य सांभाळून सात दिवस घेतला तर उदर्द जातो, असं म्हटलंय. सात दिवस घेऊन बघायला निरोगी माणसाला हरकत नसावी, मधुमेह असेल तर मात्र नको. मिरपूड तुपात कालवून लावणं खाजवून सोललेल्या त्वचेवर करू नका. आग आग होते.

वैद्य साधारण कोणती औषधं देतात? त्यांत असतं काय?

सगळ्यांत जास्त नाव ऐकाल ते हरिद्राखंडाचं. भैषज्यरत्नावली या आयुर्वेदिक औषधांच्या ग्रंथात ते याच आजाराच्या प्रकरणात आहे. हळद तुपात परतून दूध आणि साखरेच्या पाकात शिजवतात आणि त्यात सुंठ-मिरी-पिंपळी, त्रिफळा, दालचिनी-वेलची-तमालपत्र, निशोत्तर, नागरमोथा, लोहभस्म वगैरे घालतात. चमचाभर गोड, पिवळा, दाणेदार चुरा. दाताखाली कचकचतो आणि जीभ पिवळी होते. निशोत्तरामुळे पोट सैल होतं, ते अपेक्षितच आहे. मधुमेही असाल तर साखरेचं प्रमाण आधी विचारून घ्या, कारण निम्म्याहून अधिक साखर असलेलं हरिद्राखंडही मिळतं.

बाकीची यादी वैद्यागणिक बदलते. गुळवेल, मंजिष्ठा, सारिवा, कडुनिंब, खैर, शिरीष या एकेकट्या वनस्पती. महामंजिष्ठादी काढा. गंधक रसायन, आरोग्यवर्धिनी, सूतशेखर, कामदुधा या गोळ्या. चरकसंहितेत 'उदर्दप्रशमन' नावाने दहा वनस्पतींचा एक गटच दिलेला आहे. त्यात खैर, अर्जुन, असाणा, सप्तपर्णी, चारोळीचं झाड, बोर वगैरे आहेत. आज नुसता तो गट लिहून देणारा वैद्य मला भेटला नाही.

नावं सगळी सोज्वळ वाटतात, पण मधला फरक समजून घ्या. मंजिष्ठा किंवा सारिवा ही मुळी आहे. आरोग्यवर्धिनीत शुद्ध केलेला पारा, गंधक आणि ताम्रभस्म असतं. सूतशेखरात पाऱ्यासोबत शुद्ध केलेला बचनाग (मुळात विषारी कंद) आणि धोत्र्याचं बी असतं. ही औषधं वैद्याने मात्रा आणि मुदत ठरवून द्यायची असतात. शेजारच्या काकूंच्या डबीतून घ्यायची नसतात.

पंचकर्म केल्याशिवाय हे जात नाही, असं सांगतात. खरं का?

'केल्याशिवाय जात नाही' हे खरं नाही, कारण बहुतेकांचं काहीही न करता कधीतरी जातंच. शास्त्राप्रमाणे वमन आणि विरेचन हे या आजारातले मुख्य शोधन, म्हणजे शरीरशुद्धीचे, उपचार आहेत. त्याआधी काही दिवस औषधी तूप वाढत्या मात्रेत पितात, मग शेक आणि मग उलट्या किंवा जुलाब घडवून आणतात. नंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर येतात. मी विरेचन केलं. दिवसभरात अठरा वेळा उठले, संध्याकाळी पाय लटपटत होते. पुढचे तीन आठवडे गांधी कमी झाल्या, नंतर पुन्हा आल्या. त्या कमी झाल्या त्या विरेचनामुळे, की त्या तीन आठवड्यांत मी आठ तास झोपत होते आणि साधं खात होते म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, अशक्तपणा, गरोदरपण यांत हे उपचार करू नयेत. आणि एका बैठकीत, तूप न पाजता 'पंचकर्म' उरकून देणाऱ्यांकडे जाऊच नका.

आयुर्वेदाने बरं होतं याला पुरावा आहे का?

छोटे अभ्यास आहेत, रुग्णांना फरक पडल्याच्या नोंदी आहेत. बहुतेकांत रुग्ण मोजके आहेत आणि तुलनेला दुसरा गट नाही. या आजारात तुलना नसली की फसगत ठरलेली. जुनाट पित्त आपल्या मर्जीने वर-खाली होतं आणि बहुतेकांचं एक ते पाच वर्षांत आपोआप थांबतं. माणूस नवीन औषध केव्हा सुरू करतो? त्रास शिगेला पोचला की. शिगेनंतर उतारच असतो. त्या उतारावर जे औषध हातात असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते हरिद्राखंड असो की एखाद्याने आणून दिलेला ताईत.

म्हणून माझं मत: आयुर्वेदिक औषध जरूर घेऊन बघा, पण मोजून बघा.

मोजायचं कसं?

त्वचारोगतज्ज्ञ यासाठी सात दिवसांची गुणपद्धत वापरतात, ती घरी वहीत सहज ठेवता येते. रोज दोन आकडे. पहिला गांधींचा: एकही नाही 0, वीसपेक्षा कमी 1, वीस ते पन्नास 2, पन्नासपेक्षा जास्त किंवा मोठाले एकत्र झालेले चट्टे 3. दुसरा खाजेचा: नाही 0, थोडी 1, त्रासदायक पण सोसवणारी 2, झोप किंवा काम बिघडवणारी 3. आठवड्याची बेरीज 0 ते 42. सहा किंवा कमी आली तर आजार आटोक्यात, 28 किंवा जास्त आली तर तीव्र.

नवीन औषध सुरू करण्याआधी निदान दोन आठवडे हे आकडे लिहा. मग औषध सुरू करा, एका वेळी एकच. सोबत पाळी, रात्रीची जागरणं, ताप, घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांचीही नोंद ठेवा. माझ्या वहीत 31, 29, 33 असे आठवडे गेले आणि मग औषधात काहीही बदल नसताना एकदम 14. ती ओळ पाहिल्यापासून मी कुठल्याच औषधाची जाहिरात करत नाही.

दोन-अडीच महिन्यांत आकडा हलला नाही तर वैद्यांना तसं स्पष्ट सांगा. 'अजून सहा महिने घ्या, मुळापासून जातंय' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

चालू असलेली ॲलर्जीची गोळी बंद करू का?

स्वतःच्या मनाने नको. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या गोळ्या हिस्टामिनला त्याच्या जागेवर बसू देत नाहीत. नेहमीच्या मात्रेने भागलं नाही तर डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवू शकतात, तशी मार्गदर्शक तत्त्वंच आहेत. त्यानेही जमलं नाही तर ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन असतं, साधारण दर चार आठवड्यांनी.

'गोळी आजार आत दाबते' असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. आत काही साचत नाही. गोळी सोडली की पित्त परत येतं कारण आजार अजून संपलेला नसतो, एवढंच. गोळी आणि आयुर्वेद एकत्र चालवणारे समजूतदार वैद्य आहेत. ते गोळी टप्प्याटप्प्याने आणि वहीतले आकडे बघून कमी करायला सांगतात. पहिल्याच भेटीत 'आधी ती विषं फेका' म्हणणाऱ्याकडून मी चप्पल घालून निघाले.

पथ्य काय पाळायचं?

आयुर्वेद सांगतो: दह्याचा, आंबवलेल्या, फार खारट-आंबट पदार्थांचा अतिरेक नको, मासे आणि दूध एकत्र नको, दिवसा झोप नको, गार वारा अंगावर घेऊ नका, उलटीचा वेग अडवू नका. बहुतेक सगळं सोसण्यासारखं आहे. जुनाट पित्ताचं मूळ एखाद्या अन्नाच्या ॲलर्जीत क्वचितच सापडतं, त्यामुळे वर्षभर वरण-भातावर राहून वजन आणि जीव दोन्ही घटवू नका. तीन-चार आठवडे पथ्य पाळा, वही बघा, फरक नसेल तर सोडा.

एक पथ्य मात्र खरंच महत्त्वाचं आहे आणि ते औषधाच्या कपाटातलं आहे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामकांनी बऱ्याच जणांचं पित्त भडकतं. आणि गांधी न उठता नुसते ओठ किंवा जीभ सुजत असेल आणि रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल चालू असेल, तर लगेच डॉक्टरांना विचारा. ती सूज त्या गोळीची असू शकते.

आयुर्वेदिक औषधांना दुष्परिणाम नसतात ना?

असतात. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांना यकृताला सूज आल्याचा अहवाल 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असं आयुष मंत्रालयाचं म्हणणं होतं. वाद काहीही असो, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, भूक मेली तर औषध थांबवून यकृताची तपासणी करा. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटलेली आहे, त्यांनी गुळवेल विचारूनच घ्यावी. हळदीचा अर्क मिरीसोबत कॅप्सूलमधून घेणाऱ्यांतही यकृताचा त्रास नोंदलेला आहे. भाजीतली हळद वेगळी.

जड धातूंचं म्हणाल, तर बॉस्टन परिसरातल्या दुकानांत मिळालेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचा अभ्यास 2004 मध्ये आला होता. म्हणून डबी फिरवून बघायची सवय लावा. उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्यं, मुदत. पारा, बचनाग, धोत्रा असे घटक पोटात घ्यायच्या औषधात असतील, तर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना लेबलवर असणं कायद्याने बंधनकारक आहे.

आणि लेबल नसलेली पुडी? एका गृहस्थाने मला वहीच्या कागदात बांधलेल्या पांढुरक्या पुड्या दिल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी खाज गायब. दीड महिन्यात चेहरा गोल झाला, अंगठी निघेना. पुड्या संपल्या तेव्हा असं पित्त उठलं की पापण्या उघडेनात. त्वचारोगतज्ज्ञांना स्टेरॉइडचा संशय आला. मी पुडी तपासून घेतली नव्हती, त्यामुळे शपथेवर सांगत नाही. पण दोन दिवसांत चमत्कार करणारी बेनाव पुडी म्हटलं की मला अजून ती न निघणारी अंगठी आठवते. तुम्ही असं काही महिनोन्महिने घेतलं असेल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना सांगून उतरवा.

गरोदर बायका आणि लहान मुलांना चालतं का?

पारा-भस्मं, निशोत्तर, शोधन यांतलं काहीही नको. आधी स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ.

कधी कुणाचीच वाट न बघता रुग्णालयात जायचं?

जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास घेताना घरघर झाली, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारलं, पित्तासोबत सारख्या उलट्या झाल्या, तर लगेच. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. काढा उकळत बसायचं नाही, गोळी लागू पडायची वाटही बघायची नाही.

वैद्यांकडे पहिल्यांदा जाताना काय न्यावं?

गांधींचे मोबाइलवरचे फोटो, कारण तिथे पोचेपर्यंत त्या हमखास गेलेल्या असतात. फोटोत शेजारी एक नाणं ठेवा, आकार कळतो. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, झोपेच्या आणि गर्भनिरोधकसुद्धा. रक्ताचे अहवाल. आकड्यांची वही. वैद्यांची पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, तो बहुतेक वेळा भिंतीवर लावलेलाच असतो. चिठ्ठीवर प्रत्येक औषधाचं पूर्ण नाव लिहून मागा. 'पुडी क्र. 2' असं लिहून मिळालं तर पुन्हा मागा.